बुडवलेलं जहाजही हलतं
'जहाज एकदा तळाला बसलं की हलत नाही, मग त्यात डाइव्ह करायला जुना नकाशा पुरतो' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की लार्गो' बेटाजवळचं 'स्पीगल ग्रोव्ह' घ्या. अमेरिकी नौदलाचं हे ५१० फुटी जहाज मे २००२ मध्ये मुद्दाम बुडवायचं होतं, पण ते ठरल्या वेळेआधीच बुडालं, तेही उलटं, नाळ (पुढचं टोक) पाण्याबाहेर! मग खटपट करून ते कुशीवर पाडलं. जुलै २००५ मध्ये 'डेनिस' वादळाने ते चक्क सरळ उभं केलं. म्हणजे कालची भिंत आज जमीन झाली.

शिवाय तिथे प्रवाह जबरदस्त असतो. बोयाची (जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेची) दोरी घट्ट धरली तरी अंग झेंड्यासारखं आडवं फडफडतं. मोठ्या वादळानंतर स्थानिक डाइव्ह मास्टरला (पाण्याखाली नेणाऱ्या वाटाड्याला) विचारल्याशिवाय आत शिरूच नका.