सोसायटीच्या मोकळ्या पट्ट्यात झाडे लावावीत की गाड्यांची सोय करावी?

प्रश्न (कर्वेनगर, पुणे) :
आमच्या इमारतीच्या पश्चिमेला कुंपणाच्या भिंतीलगत सुमारे ४ मीटर रुंदीची मातीची जागा आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावण्याची सोय करावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत येणार आहे. मी झाडांच्या बाजूचा आहे. परंतु पालापाचोळा, पाण्याच्या टाकीत शिरणारी मुळे आणि वळवाच्या वादळात मोडणाऱ्या फांद्या हे आक्षेप निघतात, तेव्हा ‘सावली मिळते’ यापलीकडे मला काही सांगता येत नाही. सभासदांना पटेल असे काय मांडावे?

प्रतिसाद १ :
जागा पश्चिमेला आहे, हाच तुमचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. मे महिन्यात रात्री ९ वाजता पश्चिमेच्या खोलीतील भिंतीला आतून हात लावून पाहा. दुपारभर साठवलेली उष्णता ती तेव्हाही सोडत असते. झाड ते ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही. शिवाय मुळांनी शोषलेले पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडते आणि १ लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता भोवतालातून खेचली जाते. पत्र्याच्या छपराने सावली मिळेल, हा गारवा मात्र मिळणार नाही. पेव्हर ब्लॉक तर स्वतःच तापतील आणि पावसाचे जे पाणी आज मुरते आहे, ते रस्त्यावर लोटतील.

प्रतिसाद २ :
आक्षेप खोटे नाहीत, म्हणून ते झाडांच्या निवडीतूनच सोडवावेत. गुलमोहर लावू नका; त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असल्यामुळे वळवात तो हमखास मोडतो. वड-पिंपळ मला प्राणप्रिय आहेत, पण टाकीजवळ ते नकोत. बहावा आणि ताम्हण आटोपशीर वाढतात; जागा ऐसपैस असेल तिथे कडुनिंब लावा. त्याची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि ऐन उन्हाळ्यात तो नव्या पालवीने भरलेला असतो. पुण्यात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे ३ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात चांगली माती व शेणखत भरावे, रोपे जूनच्या पहिल्या पावसानंतर लावावीत आणि निदान ३ उन्हाळे पाणी घालावे. पालापाचोळा कोपऱ्यातील खड्ड्यात कुजवला की त्याचेच खत होते.

प्रतिसाद ३ :
एक कळकळीची विनंती आहे. आमच्या गल्लीत पदपथाचे काम करताना एका जुन्या करंजाच्या बुंध्याला भिडवून सिमेंट ओतले गेले. दुसऱ्या वर्षी शेंडा वाळला आणि नंतर झाड गेले. त्यामुळे बुंध्याभोवती किमान १ मीटर माती उघडी राहील, हे ठरावातच लिहून घ्या. फांद्या छाटायची वेळ आली तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्यावी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातील झाडेही संरक्षित आहेत.

मूळ प्रश्नकर्ता :
आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री शेजारच्या काकूंना त्यांच्याच खोलीतील भिंतीला हात लावायला सांगितले आणि त्या माझ्या बाजूने बोलायला तयार झाल्या. टाकी उत्तरेच्या टोकाला आहे. तिच्यापासून ५ मीटर सोडून उरलेल्या जागेत ३ बहावे, २ ताम्हण आणि दक्षिणेच्या मोकळ्या कोपऱ्यात १ कडुनिंब, असा नकाशा काढून सभेत ठेवतो.