मदत हवी आहे : अंगावरचा रंग कायद्याच्या दृष्टीने वस्त्र ठरतो का?

नमस्कार. मी नाशिकची असून गेली बावीस वर्षे नाटक आणि नृत्याच्या कार्यक्रमांसाठी रंगभूषेचे काम करते. सध्या एका छायाचित्रमालिकेची तयारी चालू आहे आणि तिच्यासंबंधीचा कायद्याचा एक प्रश्न मला स्वतःला सुटत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

गोदेच्या घाटाच्या काळ्या पायऱ्या, त्यांच्या सांध्यांत धरलेले शेवाळ आणि पूर ओसरल्यावर मागे राहणारी गाळाची रेघ हे सारे एका नर्तिकेच्या अंगावर रंगवायचे आणि तिला पायऱ्यांवर असे बसवायचे की पाहणाऱ्याला आधी दगड दिसावा व माणूस नंतर दिसावा, अशी ही कल्पना आहे. नर्तिका 26 वर्षांची आहे आणि हे काम तिने आपणहून मागून घेतले आहे. कमरेला त्वचेच्या रंगाचे अंतर्वस्त्र असेल. कमरेच्या वर मात्र फक्त रंग असावा असे आम्हा दोघींनाही वाटते, कारण कापडाची शिवण रंगाखालूनही उमटते आणि दगडाचा भास नेमका तिथेच मोडतो. पाण्यात कालवलेला हा रंग चढवायला चार-पाच तास लागतात. तो वाळला की कोपरापाशी आणि गळ्याच्या हाडावर बारीक भेगा पडतात. एरवी त्या मी ओल्या स्पंजाने पुसून काढते, येथे त्या मला हव्याच आहेत. हा थर त्वचेचा रंग पूर्ण झाकतो, पण शरीराचा आकार झाकत नाही. अशा अवस्थेतील व्यक्तीला कायदा वस्त्र ल्यालेली मानतो की नग्न मानतो, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न जागेचा आहे. गेल्या पावसाळ्यात एका तरुणाच्या छाती-पाठीवर मी असाच रंगाचा नमुना करून पाहिला होता. तो अर्ध्या विजारीत होता, शेजारी पंचा नेसून माणसे स्नान करत होती, तरीही काही जणांनी आम्हाला घेरून काम बंद करायला लावले. त्या दिवशी तो मुलगा थरथरत होता आणि मला त्याच्या अंगावर चादर टाकण्यापलीकडे काही करता आले नाही. त्याच्या जागी ही मुलगी असती तर काय झाले असते, या विचाराने मला झोप लागत नाही. कल्पना माझी असली तरी उघडे अंग तिचे आहे. रामकुंडाचा परिसर मी मुळातच वगळला आहे, कारण तेथे लोक अस्थी घेऊन येतात. घाट शक्य नसल्यास जुन्या वाड्याच्या गच्चीवर काम केले तर चालेल का?

कृपया ‘सिंहस्थात साधू नग्न चालतात, मग तुम्हाला कोण अडवणार’ असे उत्तर देऊ नये. त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नानाला येणाऱ्या नागा साधूंच्या अंगावरचे भस्म हा त्यांच्या व्रताचा भाग आहे. त्याचा आधार घेऊन मला माझे काम करायचे नाही.

प्रतिसाद

ताई, मी वकिली करतो. अंगावरचा रंग म्हणजे वस्त्र होय किंवा नव्हे, असे सांगणारी व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 296 (जुने भा.दं.वि. 294) सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दल आहे, त्यात नग्नता हा शब्दच नाही. कृत्य अश्लील असणे आणि त्याने इतरांना उपद्रव होणे, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, परंतु दखलपात्रही आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय कारवाई करू शकतात.

तुमच्या गच्चीच्या विचाराला खरी अडचण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 110 ची आहे. असभ्य रीतीने जाणूनबुजून अंग उघडे टाकण्यास त्यात मनाई आहे आणि ती केवळ रस्त्यापुरती नाही. घरात राहूनही रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने ते केल्यास हे कलम लागू होते. त्यामुळे गच्चीचा कठडा किती उंच आहे, हा येथे कायद्याचाच प्रश्न होतो.

न्यायालयांचा कल तुमच्या बाजूचा आहे. 2014 साली अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नग्न चित्र आपोआप अश्लील ठरत नाही, ते संपूर्ण संदर्भात आणि समकालीन समाजाच्या दृष्टीने पाहावे, असे ठरवले. तुमच्या विषयाला सर्वांत जवळचा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा आहे. कार्यकर्त्या रेहाना फातिमा यांनी आपल्या उघड्या वरच्या अंगावर स्वतःच्या अल्पवयीन मुलांकडून चित्र काढून घेतल्याची चित्रफीत 2020 मध्ये प्रसिद्ध केली होती. न्यायालयाने जून 2023 मध्ये त्यांना दोषमुक्त करताना त्रिशूरच्या पुलिकळी या व्याघ्रनृत्यात आणि तेय्यम या देवळातील विधिनृत्यात पुरुषांची अंगे रंगवलेली समाजाला चालतात, याची आठवण करून दिली. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, मात्र दाखला म्हणून देता येतो. पण त्याच प्रकरणात 2020 साली अटकपूर्व जामीन उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही नाकारला होता, आणि खटल्यातून सुटका व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागली. त्या मुलीला या मधल्या काळाची कल्पना दिली आहे का, हे मी तुम्हाला कळकळीने विचारतो.

छायाचित्रांबाबत सांगायचे तर, नव्या न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये (वर आलेले जुने 294 नव्हे) कलेच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला अपवाद आहे. इंटरनेटवर टाकल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 67 येते आणि तेथे पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. छायाचित्र काढण्याची संमती आणि ते दाखवण्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्याय संहितेच्या कलम 77 वरून स्पष्ट होते. म्हणून दोन्ही लेखी आणि स्वतंत्र घ्या. रंग चढवण्याचे चार-पाच तास खोलीत फोन कोणाकडेही नसावेत.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनःपूर्वक आभार. गच्चीचा विचार आज सोडला. तुमचे उत्तर मी तिला फोनवर शब्दशः वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिला काम करायचे आहे, पण उघड्या घाटावर नाही. संमतीचे दोन्ही कागद आम्ही या आठवड्यात करतो.

आता माझी मागणी बदलते आहे. नाशिक परिसरात कोणाच्या खासगी मालकीची काळ्या दगडाची बारव किंवा चारही बाजूंनी भिंती असलेला, दगडी पायऱ्यांचा वाड्याचा चौक आहे का? रस्त्यावरून किंवा शेजारच्या खिडकीतून आत दिसता कामा नये, सकाळी पूर्वेचे ऊन पायऱ्यांवर पडावे आणि रंग चढवायला लगत एक बंद खोली असावी. असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप करावा. मी आधी एकटी येऊन जागा पाहून जाईन.