ई-कारच्या नियमांना पाठिंबा? आधी बेसमेंटचं बोला

रावपुरेकर: "बडोदेकरांनो, ई-कारच्या सरकारी नियमांच्या पाठीशी उभे राहूया, रविवारी कमाटीबागेत सह्या करायला या" हे कालचं आवाहन वाचून डोकं फिरलं. पाठिंबा कसला मागता? 2021 च्या राज्याच्या धोरणात कारमागे दीड लाखापर्यंत सबसिडी होती, जीएसटी आजही 5 टक्केच. म्हणजे दारात गाडी लावायला जागा आहे त्यांची चैन. घडियाळी पोळासारख्या जुन्या, अरुंद गल्लीत राहणाऱ्याने काय तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची?

वाडीकरीण: काका, आवाहन माझंच. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण लोकांना विचारून आणलं होतं का? 1893 ला अमरेलीत, 1906 ला अख्ख्या राज्यात. पोरं शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. कुरकुर तेव्हाही झालीच असेल.

रावपुरेकर: महाराजांनी दंडाआधी शाळा काढल्या, ताई. तुम्ही आधी चार्जर तर लावा!

कारेलीबागवाला: चार्जर लावाल हो, पण कुठे? ऑगस्ट 2024 विसरलात? विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. माझ्या भावाची नवी ई-कार बेसमेंटमध्ये बुडाली. इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला, चिखलात पाय नको म्हणून जिन्यावरूनच फोटो काढले, आणि म्हणाला, "बॅटरी पॅक बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून वहिनी मटकन खालीच बसल्या.

मांजलपूरकर: पेट्रोलच्या गाड्या काय तरंगत होत्या? आणि बॅटरीला आयपी 67 हे पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग असतं, पाणी आत जात नाही.

कारेलीबागवाला: ते एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतं! आमच्याकडे पाणी उपसायला पंपच मिळत नव्हता. शेजाऱ्याची पेट्रोल गाडी गल्लीतल्या मिस्त्रीने खोलून, पुसून उभी केली. ही सीलबंद पेटी, मिस्त्री हात लावायला तयार नाही.

जुना बडोदेकर: दोष गाडीचा नाही. नदीच्या पात्रालगत बिल्डिंगा उभ्या राहू दिल्या, ओढे बुजवले. बेसमेंटला परवानगी देणाऱ्यांकडून आधी भरपाई घ्या.

मांजलपूरकर: विषय ई-कारचा चाललाय, विश्वामित्रीचा नाही.

कारेलीबागवाला: ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही त्याने विषय शिकवू नये!

वाडीकरीण: भांडू नका. धुराचं बोला ना. न्यायमंदिराच्या सिग्नलला रोज उभी असते मी, घसा जळतो.

रावपुरेकर: आणि तुमची वीज? वणाकबोरीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तेव्हाच गाडी पळते. धूर गेला नाही, गावाबाहेर गेला.

वाडीकरीण: गावाबाहेर तरी गेला! आणि सोलर वाढतंय. बाकी, केंद्राच्या सूचनांप्रमाणे घरी चार्जिंग चालतं, अडवतो तो सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्या सेक्रेटरीने माझा अर्ज "आग लागेल" म्हणून टोलवला. खाली मीटररूममध्ये मात्र रद्दी आणि ऑइलपेंटचे डबे ठासून भरलेत.

जुना बडोदेकर: हां, हे मात्र खरं. आमच्याकडे लिफ्टचं बिल कोण भरणार यावर वर्षं गेली, चार्जरचं मीटर कुठून मिळणार!

रावपुरेकर: बरं बाई, येतो रविवारी, उपकार समजा. पण कागदावर पहिली मागणी ही लिहा: चार्जर वरच्या पार्किंगमध्येच, आणि सेक्रेटरीने नकार दिला तर कारण लेखी द्यायचं. सबसिडीचं गुणगान असेल तर सेव-उसळ खाऊन घरी जाईन.

वाडीकरीण: लिहिते. सेव-उसळ आपापल्या खर्चाने.

कारेलीबागवाला: आणि त्या सर्व्हेअरचं काय? त्याच्यावर कुणीच बोलत नाही.