जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण फवारून फवारून पुन्हा येतोय, काय करावं?

प्रश्न (परभणी): सार्वजनिक बागेत खेळण्यांच्या कडेने जास्वंदीचं लांब कुंपण आहे. शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर, पानं आकसून गोळा, खालच्या पानांवर काजळी. दर पंधरा दिवसांनी रासायनिक फवारणी होते, तरी पुन्हा तेच. लेकरं तिथंच खेळतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: मुंग्यांपासून. पिठ्याचा गोड चिकटा त्या खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. काजळीही त्याच चिकट्यावर वाढते. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. त्यात भिजवलेला कापसाचा बोळा बारीक छिद्रांच्या बंद बाटलीत घालून कुंपणाच्या आत तारेने घट्ट बांधा, लेकरांचा हात पोचू नये. बोरिक वाढवू नका. मुंगी वाटेतच मेली तर वारुळात काहीच जात नाही.

मग गोळा झालेले शेंडे वीतभर खालून छाटा आणि जागेवरच पिशवीत भरा. हिरवळीवरून ओढत नेले की पिल्लं वाटभर सांडतात. पिशवी तोंड बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. युरियाही थांबवा, लुसलुशीत फुटव्यावर कीड जास्त बसते.

प्रश्नकर्ता: काही पिठ्या मोठ्या आहेत, अंगावर लांब पांढऱ्या झालरी. त्याही काढायच्या ना?

दुसरं उत्तर: थांबा! फांदी काळ्या कागदावर झटका. तुरुतुरु पळते ती बहुधा क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी. पिठ्या खाऊनच ती वाढते. पिठ्या जेमतेम ३-४ मिलिमीटर आणि मंद असतो. ही अळी सेंटीमीटरभर होते. सीताफळाचे बागायतदार हे किडे विकत आणून सोडतात, तुमच्याकडे फुकट आलेत. रासायनिक फवारणीत आधी हेच मरतात. पिठ्याची अंडी मात्र कापसाखाली सुरक्षित राहतात, म्हणून तो परततो. ज्या फांद्यांवर अळ्या आहेत, त्या छाटू नका.

तिसरं उत्तर: उरलेल्या जागी १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. आधी चार पानांवर करून बघा. नवी पिल्लं निघत राहतात, म्हणून ७-८ दिवसांनी असं तीनदा. पिठ्याला मारणारी व्हर्टिसिलियम बुरशी (लिटरला ५ ग्रॅम) पावसाळी दमट हवेतच वापरा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती तगत नाही. आणि कुंपणामागचं गाजर गवत फुलण्याआधी मुळासकट उपटा, पिठ्या त्यावरही मुक्काम करतो.