मदत हवी आहे: लोकांनी टाकलेल्या दशावताराच्या व्हिडिओंवरून नोटीस आलीय
नमस्कार मंडळी, सायबर कायद्यातलं कळणारं कोणी आहे का? कुडाळात आम्ही मित्र मिळून एक वेबसाईट चालवतो, जत्रेतले दशावतार, जुनी भजनं असं लोकच अपलोड करतात, आम्ही फक्त जागा देतो. आता एका कॅसेट कंपनीची नोटीस आलीय की तुमच्याकडे आमची रेकॉर्डिंग आहेत, सगळी काढा आणि भरपाई द्या, पण कुठली ते कुठेच लिहिलेलं नाय. (दशावतारातले संवाद तर नट रंगमंचावरच उभे करतात, त्यावर हक्क कसला सांगतात देव जाणे.)

वाचून कळलं ते असं की आयटी कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला (म्हणजे आमच्यासारखी, लोकांनी टाकलेलं फक्त ठेवणारी वेबसाईट) संरक्षण आहे, आणि २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने मायस्पेस या वेबसाईटच्या केसमध्ये म्हटलंय की नेमकं काय ते कळवायला हवं, मोघम सांगून भागत नाही. कॉपीराईट रूल्स २०१३ प्रमाणे नीट लेखी तक्रार आली की ३६ तासांत बंद करायचं, २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर आली नाही तर परत चालू करता येतं.

अडकलोय ते इथे. व्हिडिओवर आमचा लोगो आपोआप लागतो, तो मायस्पेसच्या निकालात बसेल असं वाटतं, पण पहिल्या पानावर कुठला व्हिडिओ ठेवायचा ते आम्ही हाताने निवडतो आणि कलमात तर "निवड किंवा बदल" करू नये असं आहे, मग संरक्षण गेलं का? आणि नेमक्या कुठल्या व्हिडिओंवर हरकत आहे त्यांच्या लिंक द्या, असं कंपनीला उत्तर आम्हीच मेलने पाठवलं तर चालेल की वकिलामार्फतच द्यायचं? ओरोस-कुडाळकडे हे बघणारे कोणी वकील असतील तर प्लीज सांगा.