जोतिबा यात्रेच्या फोटोंचा आकार कमी कसा करावा?

प्रश्न (कोल्हापूर):
चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेले सासनकाठ्यांचे फोटो मला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायचे आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असल्यामुळे एकेक फाइल १० एमबीच्या पुढे जाते, जीमेलची मर्यादा २५ एमबीची असल्याने एका मेलमध्ये दोनच फोटो मावतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की गुलालाच्या कडा फिसकटतात. झिप करूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर १:
कॅमेऱ्याची जेपीईजी (फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइल मुळातच दाबलेली असल्याने झिपचा उपयोग होत नाही. आपण आधी लांबी-रुंदी कमी करावी, दर्जाला नंतर हात लावावा. ६००० बाय ४००० चा फोटो १९२० बाय १२८० केला की पिक्सेल जवळपास दहापटीने घटतात आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला त्यात काही उणे जाणवत नाही. जतन करताना जेपीईजीचा दर्जा १०० पैकी ८० ते ८५ ठेवावा. इरफानव्ह्यू या फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममधील बॅच सोयीने सगळे फोटो एकदम होतात. मात्र नव्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण मूळ फोटो एकदा पुसला गेला की त्यातला तपशील परत मिळत नाही.

उत्तर २:
वरील सल्ला योग्य आहे, पण गुलालासाठी तो पुरेसा नाही. जेपीईजी करताना उजेड-सावलीचा तपशील जपला जातो आणि रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी निम्म्यावर आणली जाते. एरवी ते डोळ्यांना कळत नाही, परंतु गडद गुलाबी आणि लाल रंगाच्या कडांवर ते लगेच दिसते. गिम्प या फोटो-संपादन प्रोग्रॅममधून निर्यात करताना सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती कमी करण्याचे प्रमाण) ४:४:४, म्हणजे रंग अजिबात कमी न करणारे, निवडावे. फाइल थोडी वाढते, तरी जोतिबाच्या फोटोत गुलालच बिघडणार असेल तर तेवढी वाढ सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी ही रंगपद्धती निवडलेली असेल, तर फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून घ्यावेत, नाहीतर अनेक फोनवर रंग फिके दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास फाइल पुन्हा दाबली जात नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. काही जणांना फोटो छापून हवे आहेत. त्यांनाही हीच फाइल चालेल का?

उत्तर २:
६ बाय ४ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणून तेवढ्यापुरती चालेल. त्याहून मोठ्या फ्रेमसाठी मूळ फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा.