टाइमशिफ्टनं मागं गेलो, पत्रिकांचं फोल्डर रिकामं! अर्जंट

शहापूरचा_पत्रिकावाला: काल लिनक्स मिंट अपडेट केलं, प्रिंटर बंद पडला. म्हणून टाइमशिफ्ट या सिस्टिम मागं नेणाऱ्या प्रोग्रामनं रविवारच्या स्नॅपशॉटवर (तेव्हा जपून ठेवलेल्या स्थितीवर) मागं गेलो. प्रिंटर चालला, पण होममधलं पत्रिका फोल्डर रिकामं. फोटो, डाउनलोड जागच्या जागी. स्नॅपशॉट उघडला तर तिथंही फोल्डर आहे, आत काहीच नाही. शुक्रवारी निपाणीच्या लग्नाच्या ६०० पत्रिका द्यायच्यात. सांगा की कोणतरी लवकर.

टिळकवाडी_३: डिस्कची फाइलसिस्टिम कुठली, बीटीआरएफएस की एक्स्ट४?

निपाणीकर: म्हणून मी मिंटच्या नादाला लागत नाही. रोज रात्री पेनड्राइव्हवर कॉपी, १२ वर्षं झाली.

घटप्रभा: आणि पेनड्राइव्ह गेला की?

निपाणीकर: दोन आहेत.

शहापूरचा_पत्रिकावाला: बीटीआरएफएस. स्नॅपशॉट म्हटलं की कळत नाही होय?

टिळकवाडी_३: नाही कळत. एक्स्ट४ वर टाइमशिफ्ट आरसिंक या प्रोग्रामनं फाइलींची कॉपी करतं, त्यालाही स्नॅपशॉटच म्हणतं. पत्रिका फोल्डर साधंच होतं ना?

खानापूर_रोड: पत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत काय? कन्नडला नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) वापरता की युनिकोड?

शहापूरचा_पत्रिकावाला: साधंच. उन्हाळ्यात भाच्यानं त्याचं सबव्हॉल्युम का कायतरी केलं होतं, तेवढंच.

टिळकवाडी_३: हे आधी सांगायचं की राव! सबव्हॉल्युम म्हणजे बीटीआरएफएसमधला फोल्डरसारखा दिसणारा वेगळा भाग. स्नॅपशॉट एका सबव्हॉल्युमपुरता असतो. आत दुसरं सबव्हॉल्युम असलं तर त्यात शिरत नाही, त्या जागी नुसतं रिकामं फोल्डर दिसतं. म्हणजे उन्हाळ्यापासून पत्रिकांचा एकही स्नॅपशॉट निघालेला नाही. पण माल गेलेला नाही. मागं जाताना टाइमशिफ्ट चालू @होम (होम फोल्डरचं सबव्हॉल्युम) पुसत नाही, 'बिफोर रिस्टोरिंग' म्हणून बाजूला ठेवतं. पत्रिका त्याच्याच पोटात आहे. ती नोंद डिलीट करू नका!! डिस्क सबव्हॉल-आयडी ५ (सगळ्यात वरची पातळी) देऊन माउंट करा, टाइमशिफ्टच्या फोल्डरात तो @होम शोधा, आणि आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी. हलवाहलव मग.

निपाणीकर: बाहेरच्या डिस्कवर कॉपी. मी काय म्हणत होतो?

घटप्रभा: यावेळी बरोबर आहे तुझं. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, डिस्क गेली की दोन्ही गेलं.

शहापूरचा_पत्रिकावाला: सापडलं! ४१ जीबी, जसंच्या तसं. कॉपी चाललीय. भाच्याला फोन लावालोय, उचलेना.

खानापूर_रोड: फॉन्टचं सांगितलं नाहीत.